पाठीवरची वीज

कुपवाडमधली खोली मला मिळाली ती माझ्या उजव्या पायाच्या जोरावर. पगाराचा कागद, डिप्लोम्याचं सर्टिफिकेट, साताऱ्याहून आणलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला, असं सगळं मी घरमालकांपुढे मांडून बसलो होतो आणि ते एकाही कागदाकडे बघत नव्हते. त्यांची नजर माझ्या खुर्चीखाली होती. मी बसलो की माझा उजवा गुडघा आपोआप हलायला लागतो. यापायी मी आईच्या हातचं उलथनं खाल्लंय आणि वार्षिक परीक्षेत दोनदा बाक बदललाय.

"ह्यो पाय कवापासनं हालतुय?" त्यांनी विचारलं.

"लहानपणापासून."

"झोपंतबी?"

"नाही, झोपेत थांबतो."

"थांबू दे. इंजनाला इसावा पायजेच." आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, वरची खोली झाडून घे! मानूस घावला!"

आठवडाभरात माझ्या गुडघ्याला एक पट्टा, पट्ट्याला एक दांडी आणि दांडीला झेरॉक्सच्या भंगार मशीनमधली चिमुकली मोटर बांधली गेली. ही मोटर वीज दिली तर फिरते आणि फिरवली तर उलट वीज देते. मी वर्तमानपत्र वाचत बसलो आणि माझ्या पायाशी हरभऱ्याएवढा दिवा लागला. माझ्या हातून, म्हणजे पायातून, जगाला काहीतरी मिळाल्याची ती पहिली वेळ. काकी, म्हणजे मालकांच्या मंडळी, भाकरी थापता थापता बाहेर येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता ह्यो तरी कामाला लागला."

मालकांना सगळी गल्ली 'हवालदार' म्हणायची. काकीसुद्धा. फौजेत वायरलेसच्या तुकडीत नोकरी करून आलेले, आणि आता खाली वाइंडिंगचं दुकान. पंचक्रोशीतल्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी तिथं तांब्याची तार नव्यानं गुंडाळून घ्यायला यायच्या. फौजेत त्यांच्या वाट्याला आलं होतं ते हाताचं जनरेटर. डोंगरावरच्या चौकीत एकानं वायरलेसवर बोलायचं आणि दुसऱ्यानं शेजारी बसून हँडल फिरवायचं. हवालदार कायम दुसरे.

"बोलनाऱ्याला वाटतंय आवाज त्येचा," ते सांगायचे. "निम्मा आवाज फिरवनाऱ्याचा असतुय, इंजनेर. मी हात थांबवला की मेजर सायेब मुके."

तेव्हापासून कुठलीही हालचाल फुकट गेलेली त्यांना बघवत नसे. दुकानाचं दार ढकललं की देव्हाऱ्यातला दिवा लागायचा, त्यामुळे ज्या दिवशी गिऱ्हाईक नाही त्या दिवशी देव अंधारात. जिन्याच्या पायऱ्या जोरात आपटत चढलं तरच जिन्यातला दिवा लागायचा. मी घरी आलो हे त्यामुळे तिसऱ्या गल्लीतही कळे. लग्नात हळदीला नाचणारी माणसं बघून हे गृहस्थ हळहळायचे. "किती मोबाईल भरलं असतं रं," म्हणायचे आणि जेवायचे नाहीत.

एकदा काकी वैतागून बोलून गेल्या, "अवो, ह्या घरात अखंड हालतंय ते तुमचं त्वांड. त्येला बांदा की कायतरी!"

टोमणा होता. हवालदारांनी तो सूचना म्हणून घेतला. दोन दिवस हनुवटीखाली पट्टा बांधून ते तंबाखू चघळत बसले. तिसऱ्या दिवशी जीभ चावली, आणि घरात आठवडाभर जी शांतता पसरली तिला काकी अजून 'माझी सुट्टी' म्हणतात.

त्यांचा एक नियम मात्र मला फार उशिरा कळला. ते म्हणायचे, "मानसाला नवं वजं द्यायचं न्हाई. हाय तेच वजं कामाला लावायचं." मी तेव्हा मान डोलावली होती. मान डोलवण्याला काही पट्टा बांधलेला नव्हता, म्हणून वाया गेली.

हवालदारांची थोरली बहीण माण तालुक्यातली. तिला सगळे आक्का म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. नवरा गेला तरी आक्कानं कळप सोडला नव्हता. दिवाळी झाली की ती आणि तिचा दीर मेंढरं घेऊन तासगावच्या बाजूला उतरत. इकडचे शेतकरी मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घेतात. दोन दिवस एका रानात, दोन दिवस दुसऱ्या. दीर कळप चारत आडवाटेनं यायचा आणि आक्का घोड्यावर बिऱ्हाड लादून, उरलेलं पाठीवर घेऊन, रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला जायची.

तिचा एकुलता एक मुलगा फौजेत, कुठल्याशा उंचावरच्या चौकीवर. रविवारी तिथं पाळीपाळीनं घरी फोन करायला मिळायचा, पण पाळी कधी येईल ते सांगता यायचं नाही. आणि आक्काचा बटणांचा फोन नेमका रविवारी मेलेला असायचा. बॅटरी म्हातारी, रानात वीज नाही. गावातल्या गिरणीत चार्जिंगला ठेवला तर मुक्काम हलायचा आणि फोन पीठ खात गिरणीतच राहायचा. मुलानं उन्हावर चालणारी पाटी पाठवून बघितली. आक्कानं ती घोड्याच्या पाठीवर हौसेनं बांधली. तिसऱ्या दिवशी घोडं मातीत लोळलं.

लागोपाठ चार रविवार फोन बंद लागल्यावर भाच्यानं हवालदारांना फोन केला. त्या दिवशी मी समोरच होतो.

"मामा, आयेला सांगा, मेंढरं काडायची. ती कुटल्या रानात हाय, जिती हाय का न्हाई, कळत न्हाई मला. हितं चित लागत न्हाई. संक्रांतीनंतर रजेवर येतोय, गिऱ्हाईक बगतो आन्‌ तिला घरी बसवतो."

हा निरोप हवालदारांनी तिच्या रानात जाऊन आक्काला पोचवला तेव्हा ती म्हणाली, "घरी बसून काय करू? भिताडं राखू?" असं हवालदार मला नंतर सांगत होते, आणि सांगताना त्यांनी तंबाखूची डबी चार वेळा उघडून तशीच बंद केली.

शेवटी मामानं भाच्याकडून एक कबूल करून घेतलं: संक्रांतीच्या आत आयेचा फोन रविवारी लागला तर मेंढरं राहतील. नाही लागला तर बाजारात.

आता इथं माझी एंट्री आहे. वाचकांनी जपून राहावं.

हवालदारांची कल्पना साधी होती. आक्का मुक्काम हलवताना ज्वारीचं गठुडं पाठीवर घेतेच. पाठीवर एक हलकी चौकट बांधायची, त्यात ते गठुडं स्प्रिंगला टांगायचं. चालताना गठुडं खाली-वर डुलणार, त्याला बांधलेली दोरी ती चिमुकली मोटर फिरवणार, आणि मोटरीची वीज फोनमध्ये जाणार. चार्ज होत असेल तर तांबडा दिवा. काम एवढंच, पण त्यात एक मेख. पाळण्याला जसा झोका वेळेवर द्यावा लागतो, तसं पाऊल आणि ओझं यांचा मेळ बसावा लागतो. पाऊल अवेळी पडलं की पाळणा अडतो, ओझं नुसतं लटकून राहतं. म्हणजे चालणाऱ्याची पावलं मोजायची आणि त्या हिशेबानं स्प्रिंग निवडायची.

"ह्ये काम शिकल्या-सवरल्या मानसाचं," हवालदार म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मी इतका फुगलो की त्या रात्री पायसुद्धा हलला नाही. आठ दिवस घड्याळ लावून पावलं मोजली, वही भरली, सूत्रं मांडली, उत्तराखाली दोन रेघा मारल्या. दोन दणकट स्प्रिंगा आणल्या. आणि गठुडं पाठीवर घेऊन सगळ्या गल्लीसमोर मी चालून दाखवलं. दिवा असा लागला की काय सांगू! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या वर्कशॉपमधला फिटर म्हणाला, "सायेब, तुमी ह्याच कामाला जल्मलाय." मलाही ते पटलं.

तासगावच्या एसटीनं चौकट, स्प्रिंगा, मोटर असलेली ती पिशवी आक्काकडे रवाना झाली. पहिला रविवार गेला. फोन बंद. दुसरा गेला. फोन बंद. त्यानंतरच्या मंगळवारी कुणाच्या तरी फोनवरून आक्का स्वतः बोलली. हवालदारांनी आवाज मोठा करून ठेवला होता.

"फौजी, तुज्या पिशवीत दिवा काय लागंना गड्या. नुसतं पाटीला ढुसण्या देती. आमचा मेंढाबी अशा देत न्हाई."

"एकदाबी लागला न्हाई, आक्के?"

"लागला की. एकदाच. कुत्रं कोकराच्या मागं लागलं तवा मी काटी घिऊन पळाले. तवा लय झ्याक लागला. थांबले, गेला."

फोन ठेवला. हवालदार सावकाश माझ्याकडे वळले.

"इंजनेर, पावलं कुनाची मोजली?"

"माझी."

"कुटं?"

"बसस्टॉपपासून कारखान्याच्या गेटपर्यंत."

"कवा?"

मी छताकडे बघितलं. "सकाळी. भोंग्याच्या आधी."

माझ्या नोकरीच्या इतिहासात मी भोंग्याआधी गेटवर वेळेत पोचलेलो नाही, आणि हे ज्यांना माहीत होतं त्यात हवालदार पहिले. बसस्टॉपपासून गेटपर्यंत मी जे करतो त्याला चालणं म्हणत नाहीत. आठ दिवस मन लावून मी मोजली होती ती एका उशीर झालेल्या माणसाची पळापळ. आणि ती सूत्रात बसवून एका साठीच्या बाईच्या पाठीवर टांगली होती.

मला वाटलं, आता खोली गेली. हवालदार उठले, स्कूटरची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल. चाल मोजायची तर चालनाऱ्याची मोजू."

काकींनी आतून विचारलं, "आन्‌ त्येला कशाला नेताय?"

"घोड्याला वजं जास्त झालं तर!"

संक्रांतीच्या आधीचा तो शेवटचा शनिवार. आम्ही पोचलो तेव्हा द्राक्षबागांच्या पलीकडच्या रानातून आक्काचं बिऱ्हाड निघायच्या तयारीत होतं. आक्का म्हणजे वाळलेल्या बाभळीसारखी बाई. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "ह्येच का ते, पळून चालनारे?"

मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

घोड्याच्या गळ्यात घंटी होती. घोडं चाललं की ती वाजायची आणि आक्काचं पाऊल बरोबर त्या घंटीवर पडायचं. वर्षानुवर्षं तसंच. हवालदारांनी डोळे मिटून ती घंटी जरा वेळ ऐकली आणि माझी वही परत खिशात घालायला लावली. मग माझ्या पाठीवर पिशवी बांधून मला घोड्यामागं सोडलं. मी दहा पावलांत घोड्याच्या पुढं.

"आवं सायेब," आक्का ओरडली, "घोड्याच्या म्होरं कुनी जात न्हाई!"

मागं आलो. परत पुढं गेलो. तिसऱ्यांदा घोड्यानं स्वतःच निकाल लावला आणि माझी बाही दातात धरली. त्यानंतर मी त्याच्या चालीनं चाललो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठंही उशीर झाल्यासारखा चालत नव्हतो. आणि दिवा, अर्थात, लागत नव्हता.

दोन तास आम्ही स्प्रिंगांशी झटापट केली. वेढे कमी करून बघितले, ताणून बघितल्या. शेवटी आक्का कंटाळली.

"सोडा ती लोखंडं," ती म्हणाली. तिनं घोड्यावरचं सामान बांधायला ठेवलेली सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी काढली. माझ्या दोन्ही स्प्रिंगा रस्त्याकडेला ठेवल्या. गठुडं त्या लांब पट्टीला टांगलं, चांगलं कमरेपर्यंत खाली. "कोकरू झोळीत घेताना आखूड बांदलं तर ते दचकत ऱ्हातंय. लांब बांदलं की झोपतंय. वजंबी तसंच."

पिशवी तिनं स्वतःच्या पाठीवर घेतली. घोड्याला 'च्यक' केलं. घंटी वाजली. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं. आणि तांबडा दिवा लागला. विझला नाही. घंटीबरोबर जरा लुकलुकत, पण लागलेलाच.

हवालदार रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. मागून बेदाण्याचा टेम्पो येत होता, त्याचा ड्रायव्हर गोंधळून थांबला. त्याला वाटलं, कुणीतरी मोठं माणूस चाललंय. चुकलं नव्हतं त्याचं.

मला मात्र त्या क्षणी डिप्लोम्याच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक आठवलं. लांब आणि ढिलं टांगलेलं ओझं सावकाश डुलतं, हे त्यात सोळाव्या का सतराव्या पानावर होतं. मी ते पाठ केलं होतं. आक्का ते कोकरांना झोपवून शिकली होती.

शनिवारी संध्याकाळपर्यंत फोनमध्ये जीव आला. नव्या रानात मुक्काम एका रात्रीचाच होता, रविवारी पुन्हा निघायचं होतं. सकाळ गेली, फोन वाजला नाही. मी दर पाच मिनिटांनी विचारायचो, "रेंज आहे ना?" आणि आक्का म्हणायची, "सायेब, तुमचा पाय थांबवा आदी, घोडं बिचकतंय."

तीनच्या सुमारास आम्ही वाटेत होतो. घोडं, घंटी, आक्का, मागं आम्ही दोघं. आणि फोन वाजला.

आक्का जागच्या जागी थबकली. दोन्ही हातांनी फोन, पिशवीच्या वायरीसकट, कानाला लावला. "बाळा?" म्हणाली. तिकडून आवाज आला, "आये! आये, लागला की गं फोन!"

आक्का उभी, म्हणून गठुडं उभं, म्हणून दिवा गेलेला. आणि म्हातारी बॅटरी बोलायला लागलं की भराभर उतरायची. फोननं टुंग केलं. हवालदार जे ओरडले ते त्यांनी डोंगरावरच्या चौकीतसुद्धा ओरडलं नसेल:

"आक्के, थांबू नगंस! चाल! चालत बोल!"

आक्का चालायला लागली. घोडं चालायला लागलं. दिवा लागला. ती बोलत होती, कोकरं किती झाली, पाऊस कसा झाला, दिराचा गुडघा, घोड्यानं सायबाची बाही कशी धरली. मधेच ती बोलायची थांबली, चालता चालता तिकडचं ऐकलं आणि हसली. पोरानं काय विचारलं ते मला तिच्या उत्तरावरून कळलं.

"धापा न्हाई टाकत, लेका. तुज्याशी बोलायची वीज पाडतीया."

हवालदार माझ्या शेजारून चालत होते. त्यांचा उजवा हात पोटाशी आपोआप गोल गोल फिरत होता, अदृश्य हँडल धरल्यासारखा. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी तो खिशात घातला.

"बगितलंस, इंजनेर? बोलतीयाबी तीच, फिरवतीयाबी तीच. पुरा आवाज तिचा."

त्या दिवशी चौकीवर भाच्याच्या मागं पाळीला कुणी नव्हतं. मायलेक बोलत राहिले. मुक्कामाचं रान डाव्या हाताला आलं आणि गेलं. त्याचा मालक बांधावरून हात करत होता, "आक्का, हितंच! आवं, हितंच!" कुणी थांबलं नाही. घोडंसुद्धा नाही. आम्ही पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत गेलो. शेवटी आक्कानं फोन हवालदारांकडे दिला.

"मामा," भाचा म्हणाला, "रजेवर येतोय, पर गिऱ्हाईक न्हाई आनत. येताना आयेला नवी बॅटरी आनतो."

"बॅटरी आन. पर चांगली नगं आनूस," मामा म्हणाले. "न्हाईतर ती चालायची बंद हुईल."

मेंढरं राहिली. पुढच्या हंगामात माणदेशातल्या आणखी सहा-सात बायकांच्या पाठीवर पिशव्या होत्या, सगळ्या ट्यूबच्या पट्टीवर, प्रत्येकीची लांबी तिच्या तिच्या घोड्याच्या घंटीप्रमाणे. माझ्या दोन स्प्रिंगा हवालदारांनी रस्त्याकडेनं परत उचलून आणल्या होत्या. त्यांची एक वेगळी पिशवी करून त्यांनी मला भेट दिली. ती मी अजून वापरतो. आता नोकरी शिरवळला आहे, बसस्टॉपही बदलला आहे, पण गेटवर पोचेपर्यंत माझा फोन चांगला भरलेला असतो. ज्या दिवशी तो रिकामा दिसतो त्या दिवशी साहेब विचारतात, "आज वेळेवर आलात वाटतं?"

परवा मी आक्काला फोन केला. पहिल्या रिंगला उचलला. मागं घंटी वाजत होती. मी सवयीनं घाईघाईत बोलायला लागलो, कसं चाललंय, हवालदार बरे आहेत ना, बरं ठेवतो, तुमचं चार्जिंग संपेल.

"आवं सायेब, पळताय कुटं?" आक्का म्हणाली. "बोला की निवांत. अजून दोन कोस जायचंय मला."